ओळखीचं इंग्रजी, अनोळखी अर्थ: कुठल्या गावात काय समजायचं?

(मंचावरचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

'आर्व्हो' (ऑस्ट्रेलियात दुपार) किंवा 'यिन्झ' (पिट्सबर्गकडे 'तुम्ही लोक') असा शब्द कानावर पडला की आपण थांबतो, विचारतो आणि प्रश्न मिटतो. घोळ होतो तो 'क्वाइट', 'जस्ट नाऊ', 'हाफ एट', 'स्टे' असल्या शब्दांनी. हे शाळेपासून पाठ असतात, त्यामुळे अर्थ विचारायचं कुणाला सुचतच नाही. हा धागा अशाच शब्दांसाठी. कुठे बोलतात, तिथे नेमका अर्थ काय आणि मराठी माणूस कुठे फसतो, एवढं प्रत्येकाने लिहा. 'मजेशीर ऑस्ट्रेलियन शब्द' छापाच्या याद्या नकोत, त्या पुष्कळ झाल्या.

सुरुवात घड्याळापासून करतो.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 'हाफ एट' म्हणजे साडेआठ. मधला 'पास्ट' गिळलेला असतो. अमेरिकेत हे जवळजवळ कुणीच बोलत नाही, म्हणून तिकडचा माणूस निदान विचारतो तरी. जर्मन, डच किंवा स्वीडिश सहकारी मात्र विचारत नाही, कारण त्याच्या भाषेत 'अर्धा आठ' आहेच, आणि त्याचा अर्थ साडेसात. तो तासभर आधी येऊन बसतो आणि इतरांना उशिरा आलेले समजतो.

अमेरिकेत, विशेषतः पूर्वेकडे, 'क्वार्टर ऑफ एट' म्हणतात. ते पावणेआठ. 'ऑफ' म्हणजे इथे 'कमी'. 'क्वार्टर टिल एट'सुद्धा पावणेआठच. 'क्वार्टर आफ्टर' म्हणजे सव्वा.

दिवसांत ब्रिटिशांचं 'ट्यूझडे वीक' लक्षात ठेवा. येत्या मंगळवारच्या पुढचा मंगळवार. 'वीक' हा शब्द आपण ऐकत नाही, कानात फक्त 'ट्यूझडे' शिरतं आणि माणूस सात दिवस आधी पोचतो. 'अ वीक ऑन ट्यूझडे' म्हणजेही तेच.

अमेरिकेतलं 'मंडे थ्रू फ्रायडे' शुक्रवार धरून असतं. ब्रिटिश 'मंडे टु फ्रायडे' बोलण्यात शुक्रवार धरूनच म्हणतात, पण करारात 'टु'वर वाद होऊ शकतो, म्हणून तिथे 'इन्क्लूझिव्ह' जोडायची रीत आहे.

पगारपत्रक

यातला एक घोळ पैशांत मोजता येतो, तो आधी लिहितो.

'फोर्टनाइट' हा 'चौदा रात्री'चा आटलेला शब्द. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये रोजचा. अमेरिकेत एक व्हिडिओ गेम सोडला तर फारसा कुणाच्या तोंडी नाही. आपण त्याचं भाषांतर 'पंधरवडा' करतो आणि तिथेच चुकतो. आपला पंधरवडा पक्षावरून आला. महिन्यात दोन, वर्षात २४. त्यांचा १४ दिवसांचा, वर्षात २६.

ऑस्ट्रेलियात पगार पुष्कळदा फोर्टनाइटली असतो. पत्रात ३,००० डॉलर लिहिले असतील तर वर्षाचे ७८,००० झाले. पंधरवडा समजून २४ ने गुणलं तर ७२,००० दिसतात आणि माणूस उगाच घासाघीस करायला बसतो. उलट बाजूही आहे: घरखर्च बसवताना महिन्याला दोनच पगार धरा. वर्षातले दोन महिने असे येतात की तीन पगार पडतात, ते शिल्लक समजा.

अमेरिकेत याच वेळापत्रकाला 'बायवीकली' म्हणतात (२६ वेळा). १५ तारखेला आणि महिनाअखेर मिळणारा तो 'सेमीमंथली' (२४ वेळा). पगार सोडून इतरत्र 'बायवीकली' वापरूच नका. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, दोन्ही अर्थ कोशात आहेत.

भाड्याचंही तसंच. ब्रिटनमधल्या जाहिरातीत 'पीडब्ल्यू' म्हणजे दर आठवड्याला, 'पीसीएम' म्हणजे दर कॅलेंडर महिन्याला. २५० पौंड पीडब्ल्यू पाहून चारने गुणू नका. २५० गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे १,०८३ पौंड ३३ पेन्स. वरचे ८३ पौंड दरमहा कुठून आले हे मग उमगत नाही.

उंबरठा

वाखूसा (वाचनखूण साठवली). 'क्वाइट'बद्दल कुणीतरी लिहा हो. ब्रिटिश साहेब 'क्वाइट गुड' म्हणाला तर खूश व्हायचं की नाही?

कोकणकडा

उंबरठा, नाही. म्हणजे रडायचंही नाही.

ज्या गुणात कमी-जास्त होऊ शकतं (गुड, टायर्ड, एक्स्पेन्सिव्ह) त्याच्या आधी ब्रिटिश 'क्वाइट' आलं की गुण एक पायरी उतरतो. 'क्वाइट गुड' म्हणजे ठीक, चालण्यासारखं. अमेरिकेत तेच 'छानच झालंय'. ज्या गुणाला टोकच असतं (राइट, इम्पॉसिबल, ब्रिलियंट) त्याच्या आधी मात्र 'क्वाइट' म्हणजे 'अगदी', आणि ते दोन्हीकडे. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे तुम्ही लंडनला असा की शिकागोला, काम होणार नाही.

बोलताना ब्रिटिश माणूस जोर देऊन फरक दाखवतो. जोर 'क्वाइट'वर असेल तर 'पण...' पुढे येतोय असं समजा. जोर 'गुड'वर असेल तर कौतुक जरा खरं. ईमेलमध्ये जोर दिसत नाही, म्हणून खरी पडझड शिफारसपत्रांत होते. अमेरिकी प्राध्यापकाने कौतुकाने लिहिलेलं 'क्वाइट केपेबल' ब्रिटनमध्ये वाचलं की उमेदवार बेताचा वाटतो. आपल्याला कुणासाठी असं पत्र लिहायचं असेल तर हा शब्द गाळावा. 'व्हेरी' लिहा नाहीतर 'फेअर्ली' लिहा, मधे लोंबकळू नका.

यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. पुण्यात 'मुलगा बरा आहे' म्हणजे नाइलाजाचा होकार. घाट उतरून मालवणी-कोंकणी मुलखात गेलात की 'बरो' म्हणजे चांगला, आणि गोव्यात 'देव बरें करूं' म्हणून आभारच मानतात. शब्द एकच, उतारावर भाव वधारतो.

तळटीप

कोकणकडा, हे फार नेमकं. +१.

दप्तरी

सभा-समित्यांत बसणाऱ्यांनी 'टेबल' हे क्रियापद जपून वापरावे. ब्रिटन, भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे चर्चेला मांडणे. अमेरिकेत नेमके उलट, म्हणजे बाजूला ठेवणे. आपले विधिमंडळ ब्रिटिश वळणाचे असल्याने 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' हा प्रयोग मराठीत रुळला आहे, त्यामुळे दुसरा अर्थ असू शकेल अशी शंकाही येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत चर्चिल यांनी याचा दाखला दिला आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचे होते, अमेरिकी अधिकाऱ्यांना वाटले ते खणात टाकायचे आहे. बराच वेळ तावातावाने वाद झाल्यावर कळले की दोघांनाही एकच हवे होते. कार्यक्रमपत्रिकेत 'रेझ' किंवा 'पोस्टपोन' लिहावे, हा शब्दच टाळावा.

त्याच माळेतले आणखी काही. 'मोमेंटरिली' ब्रिटनमध्ये क्षणभर, अमेरिकेत क्षणात. विमान 'मोमेंटरिली' उतरणार असल्याची घोषणा ऐकून ब्रिटिश प्रवाशाला ते लगेच पुन्हा उडेल असे वाटू शकते. 'स्लेटेड' ब्रिटिश वृत्तपत्रात म्हणजे झोडपून काढलेले, अमेरिकी वृत्तपत्रात म्हणजे नियोजित. 'स्कीम' आपल्याकडे सरकारी योजना, ब्रिटनमध्येही योजना, पण अमेरिकी कानाला त्यात कारस्थानाचा वास येतो. तिकडच्या पत्रात 'पेन्शन स्कीम' ऐवजी 'प्लॅन' लिहावे. 'मूट पॉइंट' ब्रिटिश परंपरेत वादाचा मुद्दा, अमेरिकेत आता ज्याला अर्थ उरला नाही असा मुद्दा.

'होमली'चे तीन तुकडे झाले आहेत. भारतीय विवाहविषयक जाहिरातीत गृहकृत्यदक्ष, ब्रिटनमध्ये घरगुती उबेचे, अमेरिकेत दिसायला सुमार. मुलीचा परिचय परदेशस्थ स्थळाला पाठवताना हा शब्द खोडावा.

शिंतोडा

दप्तरी, शेवटची ओळ वाचून चहा सांडला.

गिरमिट

आयर्लंड मी घेतो. तिथलं इंग्रजी आपल्याला जवळचं वाटावं, कारण त्याच्याखाली दुसरी भाषा आहे. आयरिश भाषेत सुटं 'होय' आणि 'नाही' नाही, क्रियापदच परत म्हणतात. म्हणून तिथे 'डिड यू ईट?'ला 'आय डिड' असं उत्तर येतं, नुसतं 'येस' कमी. 'जेवलास का?' 'जेवलो.' हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण त्यातच एक सापळा. 'विल यू हेल्प हिम मूव्ह द पियानो?' 'आय विल, या.' हे ओढून, सपाट सुरात म्हटलं तर त्याचा अर्थ 'करतोय मी!', म्हणजे मुळीच नाही. लेखी चॅटमध्ये सूर कळत नाही, तेव्हा 'या' मागे लागला असेल तर पुन्हा विचारा.

'आय'म आफ्टर ईटिंग' म्हणजे नुकताच जेवलोय. आयरिश 'तर एश' (नंतर) या रचनेवरून आलंय. 'शी'ज आफ्टर लीव्हिंग' ऐकलं की आपण पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघत राहतो: निघाल्यानंतर काय? काही नाही, वाक्य संपलं. ती आत्ताच गेली.

'गिव्हिंग आउट' म्हणजे रागावणं, बोलणी लावणं. 'द टीचर वॉज गिव्हिंग आउट टु मी'चा अर्थ बाईंनी काहीतरी वाटलं असा नाही. 'बोल्ड' म्हणजे लहान मुलांच्या बाबतीत खोडकर, द्वाड. शाळेतून 'बोल्ड' म्हणून निरोप आला तर पेढे वाटू नका. 'युअर मॅन' आणि 'युअर वन' म्हणजे 'तो बुवा' आणि 'ती बाई', कुणीही तिऱ्हाईत. बाईला उद्देशून 'युअर मॅन' म्हटलं तरी नवऱ्याचा संबंध नाही.

घर बघताना 'प्रेस' म्हणजे कपाट. 'हॉट प्रेस' म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, जिथे कपडे ऊब लागून सुकतात. इस्त्रीशी संबंध जोडू नका. आणि 'ग्रँड' म्हणजे भव्य नाही, 'ठीक आहे'. 'हाऊ आर यू?' 'ग्रँड.' झालं.

पाटी पेन्सिल

गिरमिट, छान. त्याला लागून स्कॉटलंड.

तिथे 'व्हेअर डू यू स्टे?' म्हणजे तुमचं कायमचं घर कुठे. लंडनच्या माणसाला वाटतं हॉटेल विचारलंय. भारतीय इंग्रजीतही आपण राहणे या अर्थी 'स्टे'च म्हणतो, म्हणजे ग्लासगोत मराठी माणसाचं इंग्रजी बरोबर आणि लंडनवाल्याचं चूक. असे प्रसंग क्वचित येतात, उपभोगून घ्या.

'आउटविथ' हा छापील चुकीचा शब्द नाही. 'आउटविथ ऑफिस अवर्स' म्हणजे कचेरीच्या वेळेबाहेर. स्कॉटलंडच्या सरकारी पत्रांत सर्रास असतो. 'विथ' बघून 'वेळेत' असा अर्थ लावला तर फोन बरोबर उलट्या वेळी कराल. 'मेसेजेस' आणायला जाणे म्हणजे किराणा-भाजी आणणे (आयर्लंडमध्येही). 'ज्यूस' म्हणजे बऱ्याचदा कोणतंही थंड गोड पेय, कोलासुद्धा. फळाचा रस हवा असेल तर फळाचं नाव घ्या.

'द कार नीड्स वॉश्ड'. मधलं 'टु बी' गायब. ही चूक समजून दुरुस्त करू नका, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये हे नियमित आहे. अठराव्या शतकात अल्स्टरमधून पेनसिल्व्हेनियात गेलेल्यांनी ते सोबत नेलं, म्हणून पिट्सबर्गच्या आसपास आजही ऐकू येतं.

यॉर्कशरमध्ये जुनी माणसं 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणतात. 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'. नऊ ते पाच.

शिंतोडा

यावरूनच ना तो रेल्वे फाटकाचा किस्सा? 'वेट व्हाइल लाइट्स फ्लॅश' ही पाटी वाचून यॉर्कशरवाले दिवे लागेपर्यंत थांबायचे आणि दिवे लागले की निघायचे?

पाटी पेन्सिल

तोच. सांगायला झकास आहे, पण दंतकथा म्हणूनच सांगा.

राहिलं जेवण. उत्तर इंग्लंडमध्ये 'डिनर' दुपारी आणि 'टी' संध्याकाळी पाच-सहाला, पोटभर. लीड्समध्ये 'कम फॉर टी' म्हटलं तर जेवून जाऊ नका. लंडनच्या आसपास तेच निमंत्रण कपभर चहाचं असू शकतं, तिथे उपाशी जाऊ नका. वेळ विचारा: साडेतीन सांगितले तर चहा, साडेपाच सांगितले तर जेवण.

पावाच्या लादीतल्या एका पावाला बॅप, बार्म, कॉब, बॅच, टीकेक, स्टॉटी अशी गावागणिक नावं आहेत. त्यात शिरत नाही, बोट दाखवून काम भागतं.

मिसिसिपी ते मुळा

अमेरिका म्हणजे एकच इंग्रजी, असा धाग्याचा सूर दिसतोय. जोरदार असहमत.

पेनसिल्व्हेनियापासून पश्चिमेला मधल्या पट्ट्यात 'एनीमोर' होकारार्थी वाक्यात येतं. 'गॅस इज एक्स्पेन्सिव्ह एनीमोर' म्हणजे 'हल्ली पेट्रोल महाग झालंय'. आपण नकार शोधत बसतो. न्यू इंग्लंडमध्ये 'आय लाइक टी'ला 'सो डोन्ट आय' असं उत्तर येतं. दिसायला नकार, अर्थ 'मलाही आवडतो'. दक्षिणेत 'आय माइट कुड हेल्प यू' म्हणजे 'जमेल बहुतेक', दोन सहायक क्रियापदं एकावर एक. मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे 'डू यू वॉन्ट टु कम विथ?' एवढंच म्हणतात, पुढे कोणाबरोबर ते येत नाही. 'येतोस का बरोबर?' यात तरी कुठे येतं?

न्यूयॉर्कला रांगेत 'ऑन लाइन' उभे राहतात, बाकी देश 'इन लाइन'. दक्षिण कॅलिफोर्नियात महामार्गाच्या आकड्याआधी 'द' लागतो, 'द ४०५'. सॅन फ्रान्सिस्कोकडे नुसतं '१०१'. दक्षिणेत 'कोक' म्हणजे कुठलंही सोडा-पेय, त्यामुळे 'कोणता कोक?' हा प्रश्न तिथे वेडेपणाचा नाही. मध्यपश्चिमेत त्याला 'पॉप' म्हणतात, पण सेंट लुईस आणि मिलवॉकी या दोन शहरांभोवती 'सोडा'ची बेटं आहेत.

दक्षिणेतलं 'ब्लेस युअर हार्ट' दुधारी आहे. दुखण्याबाणण्याच्या बोलण्यात खरी माया. कुणाच्या कामाविषयी किंवा अकलेविषयी बोलताना आलं तर 'बिचाऱ्याला तेवढंच जमतं'. आधीचं वाक्य बघून ठरवायचं.

आणि 'आय कुड केअर लेस'. शब्दशः 'मला थोडी तरी फिकीर आहे', प्रत्यक्षात 'मला काडीची पर्वा नाही'. ब्रिटिश 'कुडन्ट' म्हणतात आणि अमेरिकी रूपावर नाक मुरडतात. अर्थ दोन्हीचा एकच. तर्क लावत बसू नये. आपणही निघताना 'येतो' म्हणतो.

घड्याळजी

'येतो'वरून आठवलं, दक्षिण आफ्रिका राहिली.

तिथे 'जस्ट नाऊ' म्हणजे थोड्या वेळाने, बघू, कधीतरी आज. 'नाऊ-नाऊ' त्यापेक्षा लवकर, पण तरी आत्ता नाही. आफ्रिकान्स भाषेतल्या 'नेट-नाऊ' आणि 'नाऊ-नाऊ'ची ही इंग्रजी रूपं. आपण 'ही लेफ्ट जस्ट नाऊ' भूतकाळासाठी वापरतो, म्हणून 'आय'ल सेंड इट जस्ट नाऊ' ऐकून इनबॉक्स उघडून बसतो. पाठवायची खरी वेळ हवी असेल तर 'बाय व्हॉट टाइम?' विचारा.

आपल्याला हसायचा अधिकार मात्र नाही. 'मी आलोच' म्हणून माणूस जिना उतरतो. भूतकाळ, आणि कृती उलट्या दिशेची! त्याचंच 'आय'ल जस्ट कम' करून भारतीय माणूस बैठकीतून उठतो आणि परदेशी सहकारी गोंधळतो: हा तर चाललाय. तिथे 'आय'ल बी राइट बॅक' म्हणावं.

रच्याकने (म्हणजे 'बाय द वे'), दक्षिण आफ्रिकेत 'रोबो' म्हणजे ट्रॅफिक सिग्नल. 'टर्न लेफ्ट ॲट द रोबो' ऐकून यंत्रमानव शोधू नका.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा नामांकित सापळा 'ब्रिंग अ प्लेट'. रिकामी ताटली घेऊन जाऊ नका, काहीतरी पदार्थ करून न्यायचा असतो. 'माय शाउट' म्हणजे या फेरीचे पैसे मी देतो. पुढची फेरी तुमची, हे त्यात आलंच. 'या, नाह' म्हणजे नाही आणि 'नाह, या' म्हणजे हो. शेवटचा शब्द खरा. 'हू डू यू रूट फॉर?' हे अमेरिकी वाक्य तिथे तोंडातून काढू नका, 'रूट'चा तिकडचा अर्थ शयनगृहातला आहे. 'बॅरॅक फॉर' म्हणा. दुकानातला 'मँचेस्टर' विभाग म्हणजे चादरी-टॉवेल.

बिअर पिणाऱ्यांसाठी: 'स्कूनर' सिडनीत ४२५ मिली, ॲडलेडमध्ये २८५. ॲडलेडला 'पिंट' मागितला तर ४२५ मिळतो, आणि ५७० हवा असेल तर 'इम्पीरियल पिंट' म्हणावं लागतं. ब्रिटिश पिंट ५६८ मिली, अमेरिकी ४७३.

उंबरठा

म्हणी-वाक्प्रचारांचं काय? शाळेत पाठ केलेले सगळे अमेरिकेत चालतात का?

तळटीप

बहुतेक समजतात, पण रूप बदलतं. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची, त्यामुळे आपल्याकडे 'स्टॉर्म इन अ टीकप' आलं आणि त्याचं 'चहाच्या पेल्यातलं वादळ' होऊन मराठीत घरचं झालं. अमेरिकी वादळ किटलीत होतं, 'टेंपेस्ट इन अ टीपॉट'. आपण 'टच वूड' म्हणतो, ते 'नॉक ऑन वूड'. ब्रिटिश सांगाडा 'कबर्ड'मध्ये, अमेरिकी 'क्लॉझेट'मध्ये. ब्रिटिश कचरा 'कार्पेट'खाली सारतात, अमेरिकी 'रग'खाली. मीठ एकीकडे 'पिंच', दुसरीकडे 'ग्रेन'. थेंब एकीकडे 'ओशन'मध्ये, दुसरीकडे 'बकेट'मध्ये (आपलं दर्यामें खसखस). बागकाम चांगलं जमणाऱ्याची ब्रिटनमध्ये 'फिंगर्स' हिरवी, अमेरिकेत 'थंब'. टोपी बसली तर ब्रिटन, बूट बसला तर अमेरिका.

यांनी गैरसमज होत नाही, मजकूर फक्त परका वाटतो. भाषांतर किंवा जाहिरात करणाऱ्याने एकाच मजकुरात दोन्ही मिसळू नयेत, बस. वेगळं काढण्यासारखं एकच: काहीतरी 'वेंट लाइक अ बॉम्ब' म्हणजे ब्रिटनमध्ये धडाक्यात यशस्वी, आणि अमेरिकेत 'इट बॉम्ब्ड' म्हणजे आपटलं.

दप्तरी

परदेशी फार झाले. भारतीय इंग्रजीतील 'डू द नीडफुल', 'पास्ड आउट', 'आय हॅव अ डाउट' या चुका आधी सुधाराव्यात, हे मावैम (माझे वैयक्तिक मत).

मिसिसिपी ते मुळा

दप्तरी, 'चुका' शब्दाला हरकत आहे. 'डू द नीडफुल' ब्रिटिश कचेऱ्यांतून आलं. तिकडे जुनं झालं, इकडे टिकलं. प्रश्न समोर कोण आहे एवढाच. तुमच्या तिन्हींपैकी पहिल्याने फार तर हसू येतं, अर्थ बिघडत नाही. उरलेल्या दोनांनी बिघडतो. 'आय पास्ड आउट इन २०१५' म्हणजे २०१५ साली मला भोवळ आली, 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'आय हॅव अ डाउट' म्हणजे शंका, पण तिकडच्या अर्थाने: तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही. प्रश्नच विचारायचा असेल तर 'क्वेश्चन' म्हणा. 'आय गेव्ह ॲन एक्झाम' हे 'परीक्षा दिली'चं सरळ रूप; तिकडे परीक्षा देतो तो परीक्षक. ब्रिटनमध्ये 'सॅट', अमेरिकेत 'टुक'. 'आय विल रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देईन असं आपण समजतो, सॉफ्टवेअरवाल्या परदेशी माणसाला वाटतं हा केलेलं काम उलटवणार.

कोकणकडा

आणि 'भारतीय इंग्रजी' तरी एक कुठे आहे? राहिलेला विषय तुंबला की मुंबई विद्यापीठात 'केटी' लागते ('अलाउड टु कीप टर्म्स'चं शेपूट), पुण्यात 'बॅक' राहतो, तमिळनाडूत 'अरिअर' असतो, हैदराबादकडे 'सप्ली', सीबीएसईत 'कंपार्टमेंट'. परदेशी अर्जात यातला एकही कळत नाही. 'रीटुक वन सब्जेक्ट, पास्ड' असं उघड लिहावं.

चेन्नईत 'टिफिन' म्हणजे इडली-डोशाचा अल्पोपाहार, मुंबईत डबा. बंगळूरच्या दुकानात 'कव्हर' म्हणजे पिशवी. दिल्लीत रस्ता सांगताना 'रेड लाइटवरून उजवीकडे', आपल्याकडे 'सिग्नलवरून'. त्यांची 'ऑटो', आपली 'रिक्षा'.

पाटी पेन्सिल

एखादा प्रयोग कुठला हे स्वतः तपासायचं असेल तर मार्क डेव्हिस यांचा 'ग्लोब' कॉर्पस (शोधता येणारा मजकूरसाठा) वापरा. २० देशांतल्या वेबपानांचे सुमारे १९० कोटी शब्द. वाक्प्रचार टाका, 'चार्ट' निवडा, देशवार पट्ट्या दिसतात. एकूण संख्या बघू नका, 'दर दशलक्ष'चा स्तंभ बघा, कारण ब्रिटन-अमेरिकेचा मजकूर सगळ्यांत मोठा आहे आणि ते नेहमीच पुढे दिसणार.

चुका होतात त्या शोधपदात. नुसतं 'हाफ एट' टाकलं तर अपूर्णांक आणि पाककृतीही येतात. 'ॲट हाफ एट' टाका. 'क्वार्टर ऑफ एट'चंही तेच. गूगलच्या एनग्रॅममध्ये (छापील पुस्तकांत शब्द किती येतो ते दाखवणारं साधन) ब्रिटिश आणि अमेरिकी असे वेगळे संच निवडता येतात, पण ती पुस्तकं आहेत, बोलणं नाही. 'जस्ट नाऊ'सारख्याचा अर्थ तिथे कळणारच नाही, आलेली वाक्यं उघडून वाचावी लागतात.

अमेरिकेच्या गावोगावच्या बोलीसाठी 'डेअर' हा कोश. १९६५ ते १९७० मध्ये १,००२ ठिकाणी फिरून प्रश्नावली भरली, पहिला खंड १९८५ मध्ये, झेडपर्यंतचा पाचवा २०१२ मध्ये. इंग्लंडसाठी हॅरॉल्ड ऑर्टन यांनी लीड्सहून केलेली पाहणी, ३१३ गावं. दोन्ही जुन्या माणसांच्या बोलीवर बेतलेली, तेव्हा आजची तरुण मुलं तसंच बोलतील असं धरू नका. 'नीड्स वॉश्ड' आणि 'सो डोन्ट आय'सारख्या रचनांसाठी येल विद्यापीठाचा व्याकरण-वैविध्य प्रकल्प बघा, नकाशे आणि उदाहरणं दोन्ही आहेत.

उंबरठा

शेवटचा प्रश्न. डब्लिनचा मॅनेजर, न्यूयॉर्कची टीम, पुण्यातले आम्ही. 'शुक्रवारी संध्याकाळपर्यंत' कसं लिहायचं? 'बाय फ्रायडे ईओडी, आयएसटी' चालेल ना?

घड्याळजी

नाही. 'ईओडी' कुणाच्या दिवसाचा शेवट ते कळत नाही, आणि 'आयएसटी' तर मुळीच नको. आयर्लंडच्या उन्हाळी वेळेचं अधिकृत नाव 'आयरिश स्टँडर्ड टाइम', त्याचंही संक्षिप्त रूप आयएसटीच. मॅनेजर स्वतःचं घड्याळ बघेल आणि तुमच्या साडेपाचला साडेचार तासांनी उशिरा पोचेल. शहरांची नावं घाला: 'फ्रायडे १९ जून, १७:३० डब्लिन / १२:३० न्यूयॉर्क / २२:०० पुणे'. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी डब्लिनचं घड्याळ मागे जातं, त्यानंतर पुण्याच्या रकान्यात २३:०० करा.